डोकी तीन धरा

महानगर गॅसच्या बिलाची मागची बाजू कोरी असते,
म्हणून आमचे सगळे प्रवास तिथूनच सुरू होतात
आणि बहुतेक तिथेच संपतात.

मिलिंदने मधोमध रेघ मारली. डावीकडे जमा:
भिशीचे चाळीस हजार, यंदा मार्चात आपला नंबर.
माझ्या फॉल-पिकोचे सात.
बिल्डरकडे थकलेलं भाडं, चौदा,
ते मात्र पेन्सिलने.
उजवीकडे दार्जिलिंग.

दार्जिलिंग निहिराचं. भूगोलाच्या पुस्तकात
एक चौकोनी फोटो आहे, त्यात ढग
माणसांच्या कमरेखाली उभा आहे.
कन्नमवार नगरात ढग असा खाली येत नाही.
येतो तो समोरच्या पाडकामाचा धुरळा.

रेल्वे, जाऊन येऊन, एकवीस हजार.
पहिल्या दिवसाच्या दशम्या घरून, मी म्हटलं.
हॉटेल पाच रात्री, वर जादा गाद्यांचे पैसे.
जीप. जेवण. स्वेटर:
आमच्याकडे चौघांत मिळून दीड स्वेटर आहे,
अर्धा निहिराचा, बाह्या कोपरापर्यंत आलेला.
आणि शेवटी 'इतर'.
इतरपुढे मिलिंद डोळे मिटून पाच हजार लिहितो.
गणपतीपुळ्याला निहिराची दाढ ठणकली होती,
ती अख्खी दाढ इतरमध्ये आहे.

बेरीज त्रेसष्ट हजार चारशे.
कुणी काही बोललं नाही. पंखा बोलत होता.

मग खिडकीपाशी मूग निवडता निवडता
शकूआत्या म्हणाली,
"डोकी तीन धरा.
मला थंडी सोसत नाही.
शिवाय पाण्याच्या वेळेला घरात कुणी नको?"

थंडी सोसत नाही म्हणणारी ही बाई
होळीपासूनच मानेवर ओला पंचा घेऊन बसते.
पण आकडा लगेच खाली उतरला, दहा हजारांनी.
हिशेबाला लाज नसते.
मिलिंदने खोडलं, हळू,
खोडल्याचा आवाज येऊ नये असं.

आत्या एकतीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला होती.
कानावर हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांची भिंत,
हातात दोऱ्या. सिमला, शिलाँग, श्रीनगर,
कुणाकुणाचे बारशाचे, मयताचे, परीक्षेच्या निकालाचे निरोप
तिच्या बोटांतून गेले.
स्वतः ती नाशिकच्या पलीकडे गेलेली नाही.

"आत्या, दार्जिलिंगचा कोड?" निहिराने सहज विचारलं.
"शून्य तीन पाच चार."
मुगातला खडा बाजूला काढत.

हॉटेलला लँडलाइन होता. निहिराने लावला,
आणि फोन सरळ आत्याच्या हातात दिला.
आत्याने पदराला बोटं पुसली.
मग जो आवाज आला तो आमच्या घरातला नव्हता,
इस्त्री केलेला, ड्युटीवरचा:
"हॅलो, दार्जिलिंग? बंबई से बोल रही हूँ."

मेमधला भाव विचारला. "ज़्यादा है," म्हणाली,
आणि थांबली. नुसती थांबली.
लाइनवर किती वेळ थांबायचं हे तिला ठाऊक आहे.
पलीकडचा माणूस दोन हजारांनी खाली आला.
गाद्यांचे पैसे? ते सोडलेच त्याने.
मग त्याने काहीतरी विचारलं असावं,
कारण आत्या म्हणाली, "चार.
तीन बड़े, एक बच्ची."

फोन ठेवल्यावर ती परत मुगाशी बसली.
कान लाल झालेला.
"धुकं असतं म्हणाला मे महिन्यात.
डोंगर दिसेलच असं नाही."

पाण्याच्या वेळेचं कुणी काढलं नाही.
मिलिंद खोडलेला आकडा पुन्हा लिहीत होता,
साडेचार हजार कमी करून, तरी बसत नव्हता.
मी त्याच्या हातातलं पेन घेतलं
आणि डावीकडचे ते चौदा हजार
पेन्सिलीवरूनच गिरवले, निळ्या शाईने, ठळक.

बिल्डरला हे अजून माहीत नाही.